ताप उतरतो तेव्हा : रुग्णालयातील डेंग्यूचा इतिहास

डेंग्यू हा मुख्यतः एडिस इजिप्ती जातीच्या डासामार्फत पसरणारा विषाणुजन्य ताप आहे. आज त्याचे निदान एका दिवसात होते आणि वेळेवर रुग्णालयात पोहोचलेल्या शंभर रुग्णांत एखादाही सहसा दगावत नाही. सत्तर वर्षांपूर्वी बँकॉकच्या रुग्णालयांत याच आजाराने दाखल झालेल्या दर दहा मुलांमागे एकाहून अधिक मूल मरत होते. मधल्या काळात या विषाणूवर चालणारे एकही औषध वापरात आलेले नाही. तरीही मृत्यू घटले, कारण आजाराचा क्रम डॉक्टरांना उलगडला, धोक्याचे तास कोणते ते कळले आणि शिरेतून द्यायच्या द्रवाचे मोजमाप बसले. डेंग्यूवरील उपचारांचा इतिहास म्हणजे खाटेजवळ केलेल्या निरीक्षणाचा इतिहास आहे.

हाडमोड्या तापाचा काळ

या आजाराशी जुळणारी वर्णने अठराव्या शतकाच्या अखेरीपासून सापडतात. डेव्हिड बायलॉन या डच शल्यवैद्याने १७७९ मध्ये बटाव्हियात, म्हणजे आजच्या जकार्तात, सांधे धरणाऱ्या तापाची साथ नोंदवली. पुढच्याच वर्षी अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात बेंजामिन रश यांनी अशाच तापाचे रुग्ण पाहिले आणि १७८९ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. अचानक चढणारा ताप, डोळ्यांच्या खोबणीमागची कळ, हाडे मोडल्यासारखी अंगदुखी, अंगावर पुरळ आणि ताप गेल्यावरही आठवडेच्या आठवडे न जाणारा थकवा, अशी ही लक्षणे होती. ‘हाडमोड्या ताप’ हे त्याचे नाव यातूनच आले. या जुन्या साथींपैकी काही प्रत्यक्षात चिकुनगुन्याच्या असाव्यात, असे आज अनेक अभ्यासक मानतात. बायलॉनची साथ आणि भारतातील १८७१-७२ ची मोठी साथ यांच्याबद्दल ही शंका विशेष घेतली जाते. दोन्ही आजार एकाच डासामुळे पसरतात आणि पहिल्या दोन-तीन दिवसांत सारखेच दिसतात. प्रयोगशाळेतील तपासणीवाचून त्यांच्यात फरक करणे त्या काळी शक्य नव्हते.

एकोणिसाव्या शतकातील वैद्यकीय पुस्तकांत डेंग्यूचे वर्णन त्रासदायक पण जिवावर न बेतणारा आजार असे असे. या समजाला छेद देणारे पुरावे अधूनमधून मिळत होते. ऑस्ट्रेलियातील उत्तर क्वीन्सलँडमध्ये १८९७ च्या साथीत काही मुले रक्तस्राव होऊन आणि अंग गार पडून दगावल्याची नोंद आहे. ग्रीसमध्ये १९२७-२८ साली दहा लाखांहून अधिक लोक आजारी पडले आणि हजारावर मृत्यू झाले. मात्र या घटना अपवाद समजल्या गेल्या आणि डॉक्टरांच्या मनातले डेंग्यूचे सौम्य चित्र फारसे बदलले नाही.

कारणाचा शोध या काळात पुढे सरकला. थॉमस बँक्रॉफ्ट यांनी १९०६ मध्ये ऑस्ट्रेलियात एडिस डासाकडे बोट दाखवले. फिलिपीन्समध्ये पर्सी अ‍ॅशबर्न आणि चार्ल्स क्रेग या अमेरिकी लष्करी डॉक्टरांनी १९०७ मध्ये रुग्णाचे रक्त जिवाणूही अडतील अशा गाळणीतून गाळले आणि ते टोचल्यावर निरोगी स्वयंसेवकांना डेंग्यू झाला. रोगकारक जिवाणूहून सूक्ष्म आहे, हे त्यातून दिसले. हा विषाणू प्रत्यक्ष वेगळा काढण्याचे काम दुसऱ्या महायुद्धात झाले. जपानमध्ये रेन किमुरा आणि सुसुमु होत्ता यांनी १९४३ मध्ये नागासाकीच्या साथीतून तो मिळवला. त्यानंतर लवकरच अल्बर्ट सेबिन यांनी हवाई, न्यू गिनी आणि कोलकाता येथे आजारी पडलेल्या अमेरिकी सैनिकांच्या रक्तातून तो वेगळा केला. सेबिन यांच्या प्रयोगांतून आणखी एक महत्त्वाची गोष्ट निघाली. विषाणूच्या एका उपप्रकाराची लागण झाली की त्याच उपप्रकारापासून दीर्घकाळ संरक्षण मिळते, पण दुसऱ्या उपप्रकारापासूनचे संरक्षण जेमतेम दोन-तीन महिने टिकते. पुढे रुग्णालयांत जे घडले त्याचे मूळ इथेच होते.

मनिला आणि बँकॉक

मनिलाच्या रुग्णालयांत १९५३-५४ च्या सुमारास एक अनोळखी आजार दिसू लागला. रुग्ण बहुतेक लहान मुले होती. दोन-चार दिवस ताप, मग नाकातून किंवा हिरड्यांतून रक्त, त्वचेवर लाल ठिपके, काळसर उलटी आणि अचानक गार पडणारे हातपाय, असा त्याचा क्रम होता. त्याला ‘फिलिपीन्सचा रक्तस्रावी ताप’ म्हटले गेले. मनिलातील १९५६ च्या साथीत विल्यम हॅमन यांनी रुग्णांच्या रक्तातून डेंग्यूचे आणखी दोन उपप्रकार, तिसरा आणि चौथा, शोधून काढले. १९५८ मध्ये बँकॉकमध्ये तशीच साथ उसळली. निरुपद्रवी म्हणून ओळखला जाणारा डेंग्यू मुलांचे जीव घेत आहे, हे आता नाकारता येण्याजोगे राहिले नव्हते.

बँकॉकच्या बालरुग्णालयातील काम या इतिहासात सर्वांत मोलाचे ठरले. सुचित्रा निम्मान्नित्या या थाई बालरोगतज्ज्ञ आणि स्कॉट हॉलस्टेड हे अमेरिकी विषाणुतज्ज्ञ यांनी सहकाऱ्यांसह १९६२ ते १९६४ या काळात रक्तस्रावी ताप म्हणून दाखल झालेल्या मुलांचा बारकाईने अभ्यास केला. त्यांपैकी काहींना डेंग्यू होता, तर काहींना चिकुनगुन्या. दोन्ही गटांची लक्षणे शेजारी मांडली तेव्हा फरक स्पष्ट झाला. चिकुनगुन्याचा ताप एकाएकी चढतो आणि लवकर उतरतो, पुरळ आणि सांधेदुखी त्यात जास्त असते. रक्ताभिसरण कोलमडणे, म्हणजे शॉक, मात्र डेंग्यूच्याच मुलांत आढळला. अंगावर लाल ठिपके दोन्हींत दिसत होते. म्हणजे केवळ ठिपक्यांवरून रुग्णाचे भवितव्य ठरत नव्हते.

गळणारा रक्तद्रव

मुलांच्या मृत्यूचे कारण सुरुवातीला रक्तस्राव हेच मानले गेले, कारण डोळ्यांना दिसत होते ते रक्त. बँकॉकच्या निरीक्षणांतून खरे कारण पुढे आले. डेंग्यूत काही रुग्णांच्या केशवाहिन्यांच्या भिंती तात्पुरत्या झिरपू लागतात. रक्तातील पाणी आणि प्रथिने, म्हणजेच रक्तद्रव, बाहेर पडून छातीच्या आवरणात आणि पोटात साचतो. तांबड्या पेशी वाहिन्यांतच राहतात, त्यामुळे उरलेले रक्त दाट होत जाते. वाहिन्यांतला द्रव कमी पडला की हृदयाला पुरेसे रक्त मिळत नाही आणि रुग्ण शॉकमध्ये जातो. गळतीचा हा काळ साधारण २४ ते ४८ तासांचा असतो आणि तो बहुधा ताप उतरताना सुरू होतो.

हा क्रम लक्षात आल्यावर आजाराचे तीन टप्पे मांडता आले. पहिला टप्पा तापाचा, साधारण दोन ते सात दिवसांचा. त्यात डोकेदुखी, अंगदुखी, मळमळ आणि चेहऱ्यावर लाली दिसते आणि पांढऱ्या पेशी घटू लागतात. दुसरा टप्पा निर्वाणीचा. ताप उतरतो, प्लेटलेट झपाट्याने कमी होतात आणि गळती असेल तर ती याच वेळी होते. तिसरा टप्पा बरे होण्याचा. बाहेर पडलेला द्रव आपोआप वाहिन्यांत परततो, भूक लागते आणि लघवी वाढते. या वेळी हातापायांवर लालसर चट्टे उमटतात आणि त्यांत मधूनमधून पांढरी वर्तुळे राहतात. बहुतेक रुग्ण गळतीच्या वाटेला न जाता पहिल्या टप्प्यातून थेट बरे होतात. डॉक्टरांपुढचा प्रश्न असतो तो उरलेल्या थोड्यांना वेळेत ओळखण्याचा.

ही ओळख पटवणारी साधने साधी होती. सर्वांत उपयोगी ठरली ती हिमॅटोक्रिटची चाचणी. बोटाला टोचून आलेले रक्त केसासारख्या बारीक काचनळीत घेतात, नळीचे एक टोक मेणाने बंद करतात आणि ती यंत्रात काही मिनिटे वेगाने फिरवतात. तांबड्या पेशी तळाशी बसतात आणि वर पिवळसर द्रव राहतो. पट्टीवर धरून तांबड्या भागाची उंची वाचली की रक्त किती दाट आहे ते कळते. एरवी ४० टक्के असणारा हा भाग ४८ टक्क्यांवर गेला, म्हणजे मूळ आकड्याच्या पाचव्या हिश्शाने वाढला, तर गळती होत आहे असे समजावे, हा निकष बँकॉकच्या कामातून रूढ झाला. ही तपासणी मोठ्या प्रयोगशाळेवाचून, वॉर्डाच्या कोपऱ्यातच, दर काही तासांनी करता येते. दुसरी चाचणी दंडावरच्या पट्ट्याची. रक्तदाब मोजण्याचा पट्टा वरच्या आणि खालच्या रक्तदाबाच्या मध्यावर पाच मिनिटे फुगवून ठेवतात आणि सोडल्यावर त्याखालच्या त्वचेवर एक चौरस इंचात किती ठिपके उमटले ते मोजतात. दहा किंवा त्याहून अधिक ठिपके दिसले तर केशवाहिन्या नाजूक झाल्या आहेत असे मानतात.

नाडीचा अर्थही नव्याने लावावा लागला. डेंग्यूच्या शॉकमध्ये वरचा रक्तदाब बराच वेळ टिकून राहतो आणि खालचा चढत जातो. दोहोंतले अंतर २० किंवा त्याहून कमी झाले की शॉकची सुरुवात झालेली असते. मूल शुद्धीवर असते, विचारलेल्याचे उत्तर देते, म्हणून ते ठीक आहे असा समज होतो. हातपाय गार आणि नाडी बारीक असली तर या समजाला थारा देऊ नये, हे थाई डॉक्टरांनी आग्रहाने शिकवले.

उपचाराचे सूत्र त्यातून निघाले. गळून गेलेल्या द्रवाची भरपाई मिठाच्या पाण्याने किंवा रिंगर लॅक्टेटने करायची, वजनानुसार ताशी मात्रा ठरवायची, हिमॅटोक्रिट आणि लघवी पाहून ती वाढवायची किंवा उतरवायची आणि गळती थांबताच द्रव बंद करायचा. शेवटची पायरी पहिलीइतकीच महत्त्वाची आहे. बाहेरचा द्रव परत येऊ लागल्यावरही सलाइन चालू राहिले तर फुप्फुसांत पाणी भरते आणि वाचलेला रुग्ण हातचा जातो. निम्मान्नित्या यांच्या वर्गीकरणात या आजाराच्या चार श्रेणी होत्या. पहिलीत ताप आणि फक्त पट्ट्याची चाचणी सकारात्मक, दुसरीत आपोआप होणारा रक्तस्राव, तिसरीत बारीक नाडी आणि चौथीत नाडी-रक्तदाब दोन्ही न लागणे. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९७५ च्या मार्गदर्शिकेत ही मांडणी स्वीकारली गेली. थायलंडमधील मृत्युदर त्यानंतर दशकागणिक उतरत गेला आणि अनुभवी केंद्रांत एक टक्क्याच्या खाली आला. १९८७ मध्ये त्या देशात पावणेदोन लाखांच्या आसपास रुग्ण नोंदले गेले. त्यांतले सुमारे एक हजार दगावले.

दुसऱ्या वेळची लागण

काही रुग्णांतच गळती का होते, याचा माग हॉलस्टेड यांनी घेतला. बँकॉकमध्ये गंभीर झालेली बहुसंख्य मुले डेंग्यूच्या दुसऱ्या लागणीची होती. गंभीर झालेल्यांत एक वर्षाच्या आतल्या तान्ह्या बाळांचाही एक गट होता. या बाळांची लागण पहिलीच होती, पण आईकडून आलेली प्रतिपिंडे त्यांच्या रक्तात होती. त्यावरून हॉलस्टेड यांनी असा सिद्धांत मांडला की जुन्या उपप्रकाराविरुद्धची प्रतिपिंडे नव्या उपप्रकाराला पूर्ण निष्प्रभ करू शकत नाहीत, उलट त्याला चिकटून पांढऱ्या पेशींत शिरायला मदत करतात. विषाणू जास्त वाढतो आणि शरीराची प्रतिक्रियाही तितकीच तीव्र होते.

या सिद्धांताला मोठा आधार क्यूबाने दिला. त्या बेटावर १९७७ मध्ये पहिल्या उपप्रकाराची सौम्य साथ येऊन गेली होती. १९८१ मध्ये दुसरा उपप्रकार आला आणि काही महिन्यांत ३,४४,२०३ रुग्ण नोंदले गेले. त्यांपैकी सुमारे १ लाख १६ हजार रुग्णालयांत दाखल झाले आणि १५८ मृत्यू झाले. त्यांत १०१ मुले होती. आधीच्या साथीनंतर जन्मलेली एक-दोन वर्षांची बालके मात्र गंभीर आजारातून बहुतांशी बचावली. रुग्ण लवकर दाखल करून घेतल्यामुळे एवढ्या मोठ्या साथीत मृत्यू आटोक्यात राहिले.

भारतातील वाटचाल

भारतात रक्तस्रावी तापाची पहिली मोठी साथ १९६३-६४ मध्ये कोलकात्यात आली. त्या साथीत डेंग्यू आणि चिकुनगुन्या दोन्ही होते. चिकुनगुन्याचा विषाणू त्या वेळी पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरने वेगळा केला. १९५२ मध्ये सुरू झालेली हीच संस्था पुढे राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था झाली.

देशातील डॉक्टरांची खरी कसोटी १९९६ मध्ये दिल्लीत लागली. पावसाळा संपता संपता दुसऱ्या उपप्रकाराची साथ पसरली आणि १०,२५२ रुग्णांची नोंद झाली. त्यांतले ४२३ मरण पावले. म्हणजे शंभर रुग्णांत चार मृत्यू. शॉकमधील डेंग्यूचा रुग्ण हाताळलेले डॉक्टर आणि परिचारिका तेव्हा मोजकेच होते आणि रक्तपेढ्यांवर प्लेटलेटसाठी प्रचंड ताण आला. त्याच शहरात २००३ मध्ये २,८८२ रुग्ण आणि ३५ मृत्यू, तर २०१५ मध्ये १५,८६७ रुग्ण आणि ६० मृत्यू नोंदले गेले. तपासण्या वाढल्यामुळे नंतरच्या आकड्यांत सौम्य रुग्णही बरेच आले, त्यामुळे या दरांची तुलना जपून करावी लागते. तरीही एक बदल निर्विवाद आहे. शॉक ओळखणे आणि द्रव मोजून देणे हे मधल्या काळात जिल्हा रुग्णालयांपर्यंत पोहोचले.

निदानही सोपे झाले. आजाराच्या पहिल्या दिवसापासून रक्तात सापडणाऱ्या एनएस-१ प्रथिनाची चाचणी २००० नंतरच्या दशकात उपलब्ध झाली. पाचव्या दिवसानंतर उपयोगी पडणाऱ्या आयजीएम प्रतिपिंडांच्या चाचणीचे संच पुण्याच्या संस्थेतून देशभरच्या निवडक रुग्णालयांना पुरवले जाऊ लागले.

रुग्णांचे वयही बदलले. बँकॉकचा आजार मुलांचा होता, भारतीय वॉर्डांत तरुण आणि प्रौढ रुग्ण मोठ्या संख्येने येतात. त्यांच्यात गळतीच्या जोडीला यकृताला तीव्र इजा, मेंदूवरचा परिणाम आणि हृदयाच्या स्नायूंचा दाह आढळतो. मधुमेह, मूत्रपिंडाचे विकार, गरोदरपण आणि उतारवय यांमुळे धोका वाढतो. चित्रपट दिग्दर्शक यश चोप्रा यांचे २१ ऑक्टोबर २०१२ रोजी मुंबईत डेंग्यूने निधन झाले, तेव्हा त्यांचे वय ८० होते.

प्लेटलेटची चिंता

डेंग्यूचा रुग्ण दाखल झाला की नातेवाइकांचा पहिला प्रश्न असतो, प्लेटलेट किती? आकडा ५०,००० च्या खाली गेला की रक्तदात्यांची शोधाशोध सुरू होते. संशोधनाचा कौल वेगळा आहे. सिंगापूर आणि मलेशियातील ३७२ प्रौढ रुग्णांवरचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. या सर्वांच्या प्लेटलेट २०,००० किंवा त्याहून कमी होत्या, पण मोठा रक्तस्राव होत नव्हता. निम्म्यांना खबरदारी म्हणून प्लेटलेट चढवल्या आणि निम्म्यांना चढवल्या नाहीत. दोन्ही गटांतील रक्तस्रावाच्या प्रमाणात लक्षणीय फरक पडला नाही आणि दुष्परिणाम मात्र चढवलेल्या गटात जास्त आढळले. रक्तस्राव सुरू असलेल्या रुग्णाला प्लेटलेट लागू शकतात, केवळ आकडा पाहून देण्यात लाभ नाही.

द्रवांबाबतचा वादही असाच मिटला. व्हिएतनाममध्ये मध्यम स्वरूपाच्या शॉकमधील ३८३ मुलांवर केलेला अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. स्वस्त रिंगर लॅक्टेट हे महागड्या द्रवांइतकेच परिणामकारक असल्याचे त्यात दिसले. अतिगंभीर मुलांसह पाचशेवर रुग्णांच्या त्या अभ्यासात एकच मृत्यू झाला. व्हिएतनाममध्येच पुढे प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड तपासले गेले, त्याने फायदा झाला नाही. पपईच्या पानांच्या रसाने प्लेटलेट थोड्या लवकर वाढतात असे काही लहान अभ्यास सांगतात, पण त्याने मृत्यू टळतात असा पुरावा नाही. अ‍ॅस्पिरिन आणि आयब्युप्रोफेन यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो, म्हणून तापासाठी पॅरासिटामॉलच दिले जाते.

सूचक लक्षणे आणि लस

जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये जुन्या चार श्रेणी बाजूला ठेवून नवी विभागणी आणली. सूचक लक्षणे नसलेला डेंग्यू, ती असलेला डेंग्यू आणि गंभीर डेंग्यू, असे तीन गट त्यात आहेत. पोटात सतत दुखणे, न थांबणाऱ्या उलट्या, छातीत किंवा पोटात पाणी होणे, हिरड्या-नाकातून रक्त, गळून जाणे किंवा बेचैनी, वाढलेले यकृत आणि प्लेटलेट घटत असताना वाढणारे हिमॅटोक्रिट, ही ती सूचक लक्षणे. कोणाला घरी पाठवायचे आणि कोणाला दाखल करून घ्यायचे, हा साथीच्या काळातला सर्वांत कठीण निर्णय त्यामुळे सोपा झाला.

लशीचा मार्ग प्रतिपिंडांच्या त्याच कोड्यामुळे खडतर ठरला. पहिली लस २०१५ मध्ये मान्य झाली आणि फिलिपीन्समध्ये आठ लाखांहून अधिक मुलांना टोचली गेली. ज्यांना आधी डेंग्यू झालेला नाही त्यांना लशीनंतर गंभीर आजाराचा धोका वाढतो, असे २०१७ च्या अखेरीस कंपनीनेच जाहीर केले आणि ती मोहीम थांबली. पुढच्या लशी अधिक सावधपणे तपासल्या जात आहेत. भारतात तयार झालेल्या एका लशीची अंतिम टप्प्यातील चाचणी ऑगस्ट २०२४ मध्ये रोहतक येथे सुरू झाली.

आजार दरम्यान पसरतच आहे. २०२३ मध्ये भारतात २,८९,२३५ रुग्ण आणि ४८५ मृत्यू नोंदले गेले. २०२४ मध्ये जगभरातून १ कोटी ४० लाखांहून अधिक रुग्ण कळवले गेले. उपचार न मिळालेल्या गंभीर रुग्णांत पाचांतला एक दगावू शकतो, योग्य देखरेखीत हे प्रमाण शंभरात एकाच्याही खाली राहते. हा फरक ज्या ज्ञानाने पडतो ते घरोघरी पोहोचले पाहिजे. डेंग्यूत ताप उतरला म्हणजे रुग्ण बरा झाला असे मानू नये. त्यानंतरचे दोन दिवस त्याला भरपूर पातळ पदार्थ द्यावेत, लघवी होते का ते पाहावे आणि पोटदुखी, उलट्या, रक्त, सुस्ती किंवा गार हातपाय यांतले काहीही दिसले तर प्लेटलेटच्या आकड्याची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.